पर्स्वेजन (१९९५ दूरचित्रवाणी चित्रपट)

पर्स्वेजन हा १९९५ साली बीबीसीने निर्माण केलेला इंग्लिश दूरचित्रवाणी चित्रपट आहे. जेन ऑस्टेन (१७७५–१८१७) यांच्या याच नावाच्या, मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. पटकथा नाटककार निक डिअर यांनी लिहिली, दिग्दर्शन रॉजर मिशेल यांनी केले आणि निर्मितीची सूत्रे फिओना फिन्ले यांच्याकडे होती. ॲन एलियटची भूमिका अमांडा रूट यांनी, तर कॅप्टन फ्रेडरिक वेन्टवर्थची भूमिका किअरन हाइंड्झ यांनी केली. १६ एप्रिल १९९५ रोजी, ईस्टरच्या रविवारी, बीबीसी टू वाहिनीवर तो प्रथम दाखवला गेला व त्याच वर्षी अमेरिकेत चित्रपटगृहांतून प्रदर्शित झाला. जवळजवळ सर्व घडामोडी नायिकेच्या मनात घडतात अशी कादंबरी निवेदकाचा आवाज न वापरता पडद्यावर कशी आणता येते, याचे उदाहरण म्हणून या चित्रपटाचा अभ्यास केला जातो.

मूळ कादंबरी

ऑस्टेन यांनी ही कादंबरी ऑगस्ट १८१५ ते ऑगस्ट १८१६ या काळात लिहिली. जुलै १८१७ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात जॉन मरे या प्रकाशकाने ती 'नॉर्थँगर ॲबी' या कादंबरीसोबत चार खंडांच्या एकत्रित संचात प्रसिद्ध केली. मुखपृष्ठावर मात्र १८१८ हे वर्ष छापलेले होते. कादंबरीचे नाव लेखिकेच्या पश्चात कुटुंबीयांनी ठरवले असे मानले जाते. 'पर्स्वेजन' या शब्दाचा अर्थ मन वळवणे, एखादी गोष्ट दुसऱ्याच्या गळी उतरवणे असा आहे.

कथेचा काळ १८१४ चा उन्हाळा ते १८१५ च्या प्रारंभीचे महिने एवढाच आहे. एप्रिल १८१४ मध्ये नेपोलियनची रवानगी एल्बा बेटावर झाली, युद्ध थांबले आणि ब्रिटिश आरमाराचे अनेक अधिकारी किनाऱ्यावर परतले. फेब्रुवारी १८१५ च्या अखेरीस नेपोलियन एल्बाहून निसटला व जूनमध्ये वॉटर्लूची लढाई झाली. कादंबरी हाती घेणाऱ्या पहिल्या वाचकांना हा पुढचा इतिहास ठाऊक होता. कथेतली शांतता तात्पुरती आहे हे जाणूनच ते ती वाचत होते.

आरमाराचे जग लेखिकेला जवळचे होते. त्यांचे फ्रान्सिस व चार्ल्स हे दोघे भाऊ आरमारात अधिकारी होते आणि दोघेही पुढे ॲडमिरलच्या हुद्द्यापर्यंत पोहोचले. त्या काळी शत्रूचे जहाज पकडले की न्यायालयाच्या निर्णयानंतर त्याची किंमत कप्तान व खलाशांमध्ये ठरलेल्या प्रमाणात वाटली जाई. वंशपरंपरागत जमीन नसलेल्या तरुणाला श्रीमंत होण्याचा हा एक मोजका मार्ग होता. वेन्टवर्थने मिळवलेले २५,००० पौंड अशाच बक्षिसाच्या रकमांतून आलेले आहेत.

कथानक

सॉमरसेट परगण्यातील केलिंच हॉलचा मालक सर वॉल्टर एलियट हा बॅरोनेट आपल्या रूपाच्या व कुळाच्या अभिमानात बुडालेला विधुर आहे. खर्चाला ताळतंत्र नसल्याने तो कर्जबाजारी होतो आणि घर ॲडमिरल क्रॉफ्ट यांना भाड्याने देऊन थोरली मुलगी एलिझाबेथ हिच्यासह बाथ शहरी राहायला जातो. मधली मुलगी ॲन २७ वर्षांची आहे. घरात तिच्या शब्दाला किंमत नाही. आठ वर्षांपूर्वी, १९ व्या वर्षी, तिचा फ्रेडरिक वेन्टवर्थ या तरुण नौदल अधिकाऱ्याशी विवाह ठरला होता. त्याच्यापाशी पैसा वा वजनदार नातेवाईक नसल्याने, दिवंगत आईची मैत्रीण लेडी रसेल हिने ॲनचे मन वळवले आणि तिने वाग्दान मोडले.

आता ॲडमिरल क्रॉफ्ट यांच्या पत्नीचा भाऊ म्हणून तोच वेन्टवर्थ परत येतो. तो कप्तान झालेला आहे, श्रीमंत आहे आणि ॲनवरचा राग विसरलेला नाही. अपरक्रॉस येथे धाकटी बहीण मेरी हिच्या सासरी ॲनची व त्याची पुन्हा गाठ पडते. मेरीच्या नणंदा हेन्रिएटा आणि लुईझा मसग्रोव्ह त्याच्याभोवती घुटमळू लागतात. लाइम या समुद्रकाठच्या गावी कॉब नावाच्या दगडी धक्क्यावर लुईझा हट्टाने उडी मारते, पडते व बेशुद्ध होते. सगळे गोंधळलेले असताना एकटी ॲन भानावर राहते. पुढे लुईझाचे लग्न कॅप्टन बेनविकशी ठरते आणि वेन्टवर्थ मोकळा होतो. बाथमध्ये मात्र ॲनचा चुलतभाऊ व केलिंचचा भावी वारस विल्यम एलियट तिच्या मागे लागलेला असतो. शेवटी एका खानावळीत ॲन व कॅप्टन हारव्हिल यांच्यात स्त्री अधिक काळ प्रेम जपते की पुरुष, यावर चाललेले बोलणे वेन्टवर्थच्या कानी पडते. तो तिथेच बसून तिला पत्र लिहितो.

रूपांतरातील मुख्य अडचण

प्रेमकथेत अडथळा सहसा बाहेर असतो: बापाचा विरोध, प्रतिस्पर्धी, गैरसमज. येथे तो अडथळा आठ वर्षांपूर्वीच येऊन गेलेला आहे. कादंबरी उघडते तेव्हा मुख्य घटना घडून गेली आहे आणि जे उरले आहे ते एका स्त्रीच्या मनात आहे. ॲनला ते कोणाशीही बोलता येत नाही. मेरीला त्या जुन्या वाग्दानाचा पत्ताच नाही, एलिझाबेथ व सर वॉल्टर यांना ते आठवावेसे वाटत नाही आणि लेडी रसेलशी त्या विषयावर बोलणे कधीच थांबलेले आहे. कादंबरीत ॲनच्या तोंडचे पहिले प्रत्यक्ष वाक्य तिसऱ्या प्रकरणात येते. ते स्वतःविषयी नाही, आरमारातील लोकांनी देशासाठी केलेल्या कामाविषयी आहे. वाचकाला त्यामागचा माणूस दिसतो. खोलीतल्या इतर कोणाला तो दिसत नाही.

हे साधण्यासाठी ऑस्टेन यांनी जी पद्धत वापरली तिला समीक्षेत मुक्त अप्रत्यक्ष निवेदन म्हणतात. तिच्यात निवेदन तृतीय पुरुषातच राहते, पण शब्द व सूर पात्राचे होतात. मराठीत साधे उदाहरण द्यायचे तर असे: 'ती खिडकीशी थांबली. तो आज येणार नव्हता. आणि का यावे त्याने? आठ वर्षांत कोण कोणासाठी थांबते!' येथे 'ती मनाशी म्हणाली' असे कुठेही म्हटलेले नाही, तरी शेवटची वाक्ये तिचीच आहेत. कागदावर हे सहज घडते. कॅमेऱ्यापुढे मात्र फक्त खिडकीशी उभी असलेली एक स्त्री उरते.

पटकथाकारापुढे त्यामुळे तीन वाटा असतात. नायिकेच्या आवाजात पार्श्वनिवेदन द्यावे, तिला मन मोकळे करण्यासाठी एखादी मैत्रीण वा रोजनिशी द्यावी, किंवा काहीच न देता प्रेक्षकालाच चेहरा वाचायला लावावा. पहिल्या दोन वाटा सोप्या आहेत, पण त्या कथेच्या मुळावर घाव घालतात. ॲनला ऐकणारे कोणी असते, तर तिची गोष्टच वेगळी झाली असती. डिअर व मिशेल यांनी तिसरी वाट धरली.

निर्मिती

बीबीसीने बॉस्टनच्या डब्ल्यूजीबीएच या सार्वजनिक वाहिनीच्या सहकार्याने हा चित्रपट केला. फ्रेंच भागीदारही त्यात होते. रंगभूमीवर नाव मिळवलेल्या नटांचा भरणा ही त्याची एक खूण आहे. सर वॉल्टर म्हणून कोरिन रेडग्रेव्ह, लेडी रसेल म्हणून सुझन फ्लीटवूड, मिसेस क्रॉफ्ट म्हणून फिओना शॉ, मेरी म्हणून सोफी टॉम्प्सन, तिचा नवरा चार्ल्स म्हणून सायमन रसेल बील आणि विल्यम एलियट म्हणून सॅम्युएल वेस्ट यांनी कामे केली. सुझन फ्लीटवूड यांचे सप्टेंबर १९९५ मध्ये निधन झाले. अमांडा रूट स्वतः रॉयल शेक्सपिअर कंपनीत काम केलेल्या होत्या, पण चित्रपटाच्या प्रेक्षकांना त्यांचा चेहरा अनोळखी होता. घरातल्यांनीही जिच्याकडे पाहायचे सोडले आहे, अशा नायिकेसाठी हे अनोळखीपण उपकारकच ठरले.

चित्रीकरण प्रत्यक्ष स्थळी झाले. लाइम रीजिस येथील कॉब आणि बाथचे रस्ते ही कादंबरीतीलच ठिकाणे आहेत. ग्लॉस्टरशायरमधील बार्न्सली पार्क हे केलिंच हॉल म्हणून, तर विल्टशायरमधील शेल्डन मॅनर हे मसग्रोव्ह कुटुंबाचे घर म्हणून वापरले गेले. छायाचित्रण जॉन डेली यांचे, वेशभूषा अलेक्झांड्रा बर्न यांची व संगीत जेरेमी सॅम्स यांचे आहे. कलानिर्मितीत विल्यम डडली यांचा प्रमुख वाटा होता.

पटकथेचा आरंभ

कादंबरी सर वॉल्टर आपल्या दिवाणखान्यात बॅरोनेटांची वंशावळी वाचत बसला आहे इथून सुरू होते. तो दुसरे पुस्तक कधी हाती धरत नाही आणि त्यातही स्वतःच्या घराण्याचे पान काढून बसतो. पहिल्याच परिच्छेदात आलेला हा विनोद ऑस्टेन यांच्या शैलीवर उभा आहे. तो तसाच्या तसा चित्रित केला, तर पडद्यावर पुस्तक वाचणारा एक गृहस्थ दिसेल, त्यापलीकडे काही नाही.

डिअर यांनी आरंभ बदलला. एकीकडे समुद्रात नांगरलेले युद्धनौकेचे प्रचंड धूड दिसते, ॲडमिरल क्रॉफ्ट तिच्यावर चढतात आणि युद्ध संपल्याची, घरी परतण्याची वार्ता अधिकाऱ्यांना कळते. दुसरीकडे केलिंच हॉलच्या दाराशी सावकारांचा व देणेकऱ्यांचा तगादा लागलेला दिसतो. ही दोन दृश्ये आलटून पालटून येतात. कर्तबगारीवर वर आलेले लोक किनाऱ्याला लागत आहेत आणि नावावर जगणारे लोक घर सोडून निघाले आहेत, हे एकही खुलासा न करता कळते. कादंबरीत हाच विरोध दोन पुस्तकांतून येतो. बापाच्या हाती बॅरोनेटांची वंशावळी असते, तर ॲन इतकी वर्षे वेन्टवर्थचा ठावठिकाणा आरमाराच्या छापील याद्यांतून व वर्तमानपत्रांतून शोधत आलेली असते. ॲनच्या प्रेमकथेला या सामाजिक स्थित्यंतराची चौकट देणे हा डिअर यांचा मूलभूत निर्णय होता आणि चित्रपट शेवटपर्यंत त्याला धरून राहतो.

ॲनचे मौन पडद्यावर

चित्रपटाच्या पहिल्या भागात ॲन फार थोडे बोलते. इतर माणसे तिच्या डोक्यावरून एकमेकांशी बोलतात, तिच्या हाती कामे देतात, तिला विचारल्याशिवाय तिच्याविषयी ठरवतात. केलिंच सोडताना सामानाच्या याद्या करणारी, फर्निचरवर पांढरी कापडे टाकणारी ॲन दिसते. अपरक्रॉसला पोहोचल्यावर मेरी, तिची सासू आणि नणंदा अशा एकेकीची गाऱ्हाणी ती ऐकून घेते. प्रत्येक जण तिच्याशी बोलतो आणि कोणीच तिला काही विचारत नाही. दृश्य विनोदी आहे. ॲन एकटी का पडली हेही त्यातूनच समजते.

वेन्टवर्थशी पहिली भेट मेरीच्या घरी होते. कादंबरीत हा प्रसंग काही ओळींत उरकतो: डोळ्याला डोळा भिडतो, एक अभिवादन, खोली माणसांनी भरल्यासारखी वाटते आणि मग सारे संपते. ॲनला नीट काही दिसत वा ऐकू येत नाही हेच तिथे महत्त्वाचे आहे. चित्रपटात ही भेट तितकीच तोकडी ठेवली आहे. खुर्चीच्या पाठीला घट्ट धरलेला ॲनचा हात जवळून दिसतो आणि तेवढ्यावर प्रसंग भागतो. एखाद्या दिग्दर्शकाने येथे संगीत उंचावले असते. मिशेल यांनी ते केलेले नाही.

ॲन ऐकते, हे या चित्रपटातले मुख्य कार्य आहे. 'ती इतकी बदलली आहे की मी ओळखलेच नसते' या आशयाचे वेन्टवर्थचे मत मेरी तिला निष्काळजीपणे सांगून टाकते. फिरायला गेले असता कुंपणाच्या आडून, मनाने खंबीर राहण्याविषयी तो लुईझाला सांगत असलेले बोल ॲनच्या कानी पडतात. तो टोमणा आपल्यालाच आहे हे तिला कळते. ती तिथे आहे हे त्याला ठाऊक नसते. नृत्याच्या वेळी ती पियानोपुढे बसते आणि तिच्या पाठीमागे तो दुसऱ्या मुलींबरोबर नाचतो. या साऱ्या ठिकाणी कॅमेरा बोलणाऱ्याकडे नसून ऐकणारीकडे असतो. मुक्त अप्रत्यक्ष निवेदनाला पडद्यावर पर्याय शोधायचा, तर तो येथे सापडतो.

वेन्टवर्थच्या बाजूने शब्दांऐवजी कृती येतात. ॲनच्या पाठीला लोंबकळणारे मेरीचे दांडगे पोर तो अलगद उचलून दूर करतो. लांबच्या पायपिटीनंतर ती थकली आहे हे त्याच्या एकट्याच्या ध्यानात येते आणि तो तिला क्रॉफ्ट दांपत्याच्या गाडीत बसवतो. दोन्ही वेळा तो बोलत नाही. पुस्तकात या कृतींचा अर्थ ॲन लावते. चित्रपटात तिचा चेहरा तो लावताना दिसतो.

या पद्धतीची किंमतही आहे. कादंबरीतील ॲन मनातल्या मनात इतरांची, प्रसंगी स्वतःचीही, बारीक थट्टा करते. तिच्या दुःखाला विनोदाची धार आहे. पार्श्वनिवेदन टाळल्याने ही धार पुष्कळशी बोथट होते आणि चित्रपटातील ॲन पुस्तकातल्यापेक्षा अधिक करुण, अधिक दबलेली वाटते. विनोदाचा भार सर वॉल्टर, मेरी व एलिझाबेथ यांच्यावर जातो. कोरिन रेडग्रेव्ह आणि सोफी टॉम्प्सन तो चांगला पेलतात, पण तो बाहेरचा विनोद आहे.

शेवटाचे दोन मसुदे

रूपांतर करणाऱ्याला मूळ लेखकाने टाकून दिलेला शेवटही हाताशी असणे ही दुर्मीळ गोष्ट आहे. ऑस्टेन यांनी १८१६ च्या जुलैत कादंबरी एकदा पूर्ण केली होती. त्या मसुद्यात ॲडमिरल क्रॉफ्ट ॲनला आपल्या घरी बोलावतात आणि वेन्टवर्थवर एक अवघड कामगिरी सोपवतात: ॲन विल्यम एलियटशी लग्न करणार असे ऐकतो, तेव्हा तिला केलिंच हॉल राहायला हवे असल्यास आपण भाडेकरार सोडू, हे तिला विचारायचे. ॲन त्या लग्नाची वार्ता खोटी असल्याचे सांगते आणि दोघांचा समेट होतो. लेखिकेला हा शेवट निर्जीव वाटला. पुढच्या काही दिवसांत त्यांनी तो काढून खानावळीतील संभाषण व पत्र यांचा नवा शेवट लिहिला. बाद केलेल्या प्रकरणांचे हस्तलिखित ब्रिटिश लायब्ररीत आहे. ऑस्टेन यांच्या पूर्ण झालेल्या कादंबऱ्यांपैकी कोणत्याही हस्तलिखिताची एवढीच पाने शिल्लक आहेत. त्यांच्या पुतण्याने लिहिलेल्या चरित्राच्या १८७१ च्या आवृत्तीत हा मजकूर प्रथम छापला गेला.

दोन शेवटांतील फरक कोण बोलते यात आहे. पहिल्यात ॲनला विचारले जाते आणि ती एका नकाराने उत्तर देते. दुसऱ्यात ती हारव्हिलशी वाद घालते आणि पुरुष ते ऐकतो. संपूर्ण पुस्तकभर आडून ऐकत आलेली ॲन शेवटी ऐकली जाते. आयुष्यभराची निष्ठा स्त्रियांची की पुरुषांची, या वादात हारव्हिल ग्रंथांचे दाखले देऊ पाहतो. त्यावर ग्रंथ पुरुषांनीच लिहिले आहेत, तेव्हा तो पुरावा चालणार नाही, अशा अर्थाचे उत्तर ॲन देते. वेन्टवर्थ त्याच खोलीत टेबलाशी लिहीत बसलेला असतो आणि त्याच्या हातून लेखणी पडते.

डिअर यांनी दोन्ही मसुदे वापरले. भाडेकराराचा निरोप घेऊन अवघडलेला वेन्टवर्थ चित्रपटात ॲनपुढे येतो खरा, पण समेट तिथे होऊ दिलेला नाही. निरोपाचा प्रसंग दोघांची कोंडी दाखवण्यापुरता राहतो आणि निर्णायक जागा खानावळीलाच मिळते. नाटककाराची समज येथे दिसते. टाकलेल्या प्रसंगात दोन माणसे समोरासमोर उभी राहतात, त्यामुळे तो रंगमंचीय आहे; नव्या शेवटात ती एका खोलीत असूनही बोलत नाहीत. चित्रपटाला पहिल्याचा उपयोग आहे, पण कथेला दुसऱ्यावाचून गत्यंतर नाही.

पत्रवाचनाच्या वेळी चित्रपट प्रथमच मनातला आवाज ऐकवतो. पत्र वेन्टवर्थच्या आवाजात सुरू होते आणि त्यात वाचणाऱ्या ॲनचा आवाज मिसळतो. इतका वेळ पार्श्वनिवेदन टाळल्यामुळे हा आवाज एकदम जवळ येतो. आधीपासूनच निवेदन असते, तर हे पत्र त्यातला आणखी एक मजकूर ठरले असते.

बदल आणि वगळ

सुमारे पावणेदोन तासांच्या मर्यादेत दोन खंडांची कादंबरी बसवायची असल्याने काही धागे आखडते घ्यावे लागले. विल्यम एलियटचा हेतू त्यांपैकी सर्वांत ठळक. कादंबरीत तो श्रीमंत आहे. सर वॉल्टरने मिसेस क्ले या बाईशी पुनर्विवाह करून मुलगा होऊ देऊ नये, म्हणजे आपला बॅरोनेटपणाचा वारसा सुरक्षित राहील, हा त्याचा गुंतागुंतीचा डाव आहे. चित्रपटात त्याला पैशाची निकड आहे एवढे साधे कारण दिले आहे. मिसेस स्मिथ या ॲनच्या जुन्या मैत्रिणीने सांगितलेली लांबलचक पूर्वकथाही त्यामुळे थोडक्यात उरकते. हा भाग खुद्द कादंबरीतही सैल आहे असे अनेक समीक्षकांचे मत असल्याने या काटछाटीबद्दल फारशी तक्रार झाली नाही.

तक्रार झाली ती बाथच्या रस्त्यावरील चुंबनाची. कादंबरीत दोघे बोलत बोलत एका शांत वाटेला लागतात आणि पुढचे निवेदक सांगतो. चित्रपटात ती दोघे भर रस्त्यात थांबतात आणि मागून सर्कशीचा गाजावाजा करणारा जथा जातो. १८१५ साली कप्तानाच्या हुद्द्याचा गृहस्थ व बॅरोनेटची कन्या असे वागली नसती हा आक्षेप रास्त आहे. मात्र आजूबाजूच्या गलबल्यात दोघांना कोणी पाहत नाही आणि त्यांनाही कोणी दिसत नाही, ही कल्पना पुस्तकातील गर्दीच्या खोल्यांशी जुळणारी आहे.

त्यानंतर पत्त्यांच्या मैफलीत वेन्टवर्थ सर वॉल्टरपुढे येऊन ॲनशी ठरलेला विवाह जाहीर करतो आणि सर वॉल्टरला प्रश्न पडतो तो ॲनशी लग्न करावेसे कोणाला वाटेलच का, हा. अखेरच्या दृश्यात ॲन वेन्टवर्थसह जहाजावर आहे. मूळ पुस्तक याऐवजी, पुढे युद्ध झाले तर नाविकाच्या पत्नीच्या वाट्याला येणाऱ्या धास्तीचा उल्लेख करून थांबते. मिसेस क्रॉफ्ट आपण पतीबरोबर जहाजावर राहिलो तेच दिवस सर्वांत सुखाचे होते असे कादंबरीत सांगतात. चित्रपटाने त्यांचेच आयुष्य ॲनला देऊ केले आहे.

प्रकाश, कपडे, चेहरे

तोपर्यंतच्या अनेक ऐतिहासिक मालिकांमध्ये खोल्या सारख्याच उजळलेल्या, कपडे कडक इस्त्रीचे आणि पात्रांचे केस नुकतेच विंचरलेले असत. या चित्रपटात रात्रीच्या खोल्या मेणबत्त्यांपुरत्याच उजळतात आणि कोपरे अंधारात राहतात. दिवसा खिडकीतून येईल तेवढाच उजेड दिसतो. फिरून आलेल्यांच्या झग्यांच्या कडा चिखलाने भरतात, तेच कपडे पुन्हा अंगावर येतात, चेहऱ्यांवर रंगभूषेचा थर जाणवत नाही. एलियटांचे बाथमधील दिवाणखाने थंड व मोकळे, तर लाइममधील हारव्हिलचे घर लहान, दाटीवाटीचे आणि ऊबदार आहे. ॲन कुठे रमेल हे त्यावरूनच कळते.

ॲनच्या रूपाचा प्रश्न यातूनच सुटतो. तिचा तजेला लवकर ओसरला असे कादंबरी स्पष्ट सांगते आणि लाइमच्या समुद्रवाऱ्यात तो थोडा परततो असेही सांगते. प्रेमकथेची नायिका देखणी दिसावी या अपेक्षेपुढे रूपांतरकार येथे बहुधा नमते घेतात. रूट यांची ॲन मात्र आरंभी खरोखरच फिकट व दमलेली दिसते. पुढे तिचे केस, कपड्यांचे रंग आणि मानेचा ताठा हळूहळू बदलत जातो. कोणत्या दृश्यात बदलला हे बोट ठेवून सांगता येत नाही.

प्रदर्शन व प्रतिसाद

ब्रिटनमध्ये दूरचित्रवाणीसाठी केलेला हा चित्रपट अमेरिकेत सोनी पिक्चर्स क्लासिक्सने सप्टेंबर १९९५ मध्ये चित्रपटगृहांत आणला आणि तिथल्या समीक्षकांनी त्याचे स्वागत केले. ब्रिटिश अकादमीच्या दूरचित्रवाणी पुरस्कारांत त्याला सर्वोत्कृष्ट एकल नाट्याचा मान मिळाला. वेशभूषा व कलानिर्मिती यांसाठीही पुरस्कार मिळाले. अलेक्झांड्रा बर्न यांना पुढे 'एलिझाबेथ: द गोल्डन एज' (२००७) या चित्रपटाच्या वेशभूषेसाठी ऑस्कर मिळाले. मिशेल यांनी १९९९ मध्ये 'नॉटिंग हिल' दिग्दर्शित केला. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले.

१९९५ हे वर्ष ऑस्टेन यांच्या रूपांतरांचे ठरले. जुलैमध्ये 'एमा'वर बेतलेला अमेरिकन चित्रपट 'क्लूलेस', सप्टेंबरपासून बीबीसीची सहा भागांची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' आणि डिसेंबरात आंग ली यांचा 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' आला. पर्स्वेजन या सर्वांच्या आधी दाखवला गेला, पण पुढच्या लाटेत तो काहीसा झाकोळला. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'सारखी लोकप्रियता त्याच्या वाट्याला आली नाही.

इतर रूपांतरे

ग्रॅनडा टेलिव्हिजनने १९७१ मध्ये या कादंबरीवर मालिका केली. ॲन फरबँक व ब्रायन मार्शल तिच्यात प्रमुख भूमिकांत होते. मालिकेच्या लांबीमुळे तिच्यात संवाद पुष्कळ टिकले, तरी तिचा घाट नाटकाचाच राहिला.

आयटीव्ही वाहिनीचा २००७ चा दूरचित्रवाणी चित्रपट एड्रिअन शेरगोल्ड यांनी दिग्दर्शित केला. सॅली हॉकिन्स त्यात ॲन होत्या. ही ॲन रोजनिशी लिहिते आणि मधूनच थेट कॅमेऱ्याकडे पाहते. निष्ठेविषयीचे संभाषण खानावळीतून काढून लाइममध्ये, बेनविकबरोबर, घातले आहे. त्यामुळे वेन्टवर्थच्या पत्राला निमित्त उरत नाही आणि शेवटी ॲनला त्याला गाठण्यासाठी बाथच्या रस्त्यांवरून धावावे लागते. १९९५ च्या चित्रपटातील खानावळीचा प्रसंग किती भार पेलतो, हे या धावण्याशी ताडून पाहिल्यास लक्षात येते.

नेटफ्लिक्सने जुलै २०२२ मध्ये आणलेल्या रूपांतरात डकोटा जॉन्सन यांनी ॲन साकारली. दिग्दर्शन कॅरी क्रॅकनेल यांचे होते. येथे ॲन प्रेक्षकांशी थेट बोलते, आजच्या बोलीत शेरे मारते आणि घरच्यांची उघड खिल्ली उडवते. पुस्तकातील मनातली थट्टा पडद्यावर आणण्याचा हा प्रयत्न होता. जे १९९५ च्या चित्रपटात निसटले होते, नेमके तेच येथे पकडायचे होते. मात्र बहुतेक समीक्षकांनी तो नाकारला. इतकी बोलकी, हजरजबाबी स्त्री १९ व्या वर्षी दुसऱ्याच्या सांगण्यावरून गप्प कशी बसली असेल, हे तिच्याकडे पाहून पटत नाही, असा त्यांच्या आक्षेपाचा रोख होता.